तीन हातांचं मीठ

संग्रामपूरहून फोन आला तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते आणि गुलाबराव ओसरीवर तुरीची डाळ निवडत होते. फोन लग्नघरच्या भगवंतरावांचा होता. गुलाबरावांच्या पत्नी सिंधूताई त्यांच्याकडे स्वयंपाकाला गेल्या होत्या, आदल्या दिवसापासून. भगवंतरावांना नीट बोलता येईना. बाई चुलीपुढं बसल्या बसल्या कलंडल्या, दवाखान्यात नेलं, डॉक्टरनं बाई राह्यल्या नाहीत म्हणून सांगितलं, एवढं कसंबसं सांगून ते थांबले. मग माणूस काय बोलावं ते न सुचून जे तोंडाला येईल ते बोलतो तसं म्हणाले, "भाजी शिजली होती हो, गुलाबराव. फक्त मीठ पडाचं राह्यलं होतं."

हे सगळ्या पंचक्रोशीला कळण्यासारखं होतं. तीस वर्षं सिंधूताईंनी लग्नाच्या, नामकरणाच्या पंगती रांधल्या. चिरायला, लाटायला कोणीही चालायचं. मीठ मात्र त्यांच्याच हातचं. मुठीनं टाकायच्या, चाखायच्या नाहीत, आणि कधी चुकलं नाही.

मुलगी महामाया, घरातली माया, दुसऱ्या दिवशी पुण्याहून आली. तिथं एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात ती दुसऱ्या नंबरची शेफ आहे. आठ वर्षांपूर्वी तिनं इंजिनिअरिंगचा नंबर सोडून हॉटेल मॅनेजमेंटला नाव घातलं, तेव्हा गुलाबराव रेल्वेच्या फाटकावरून ड्युटी करून आले होते. ते म्हणाले होते, "आपण शिकलो ते दुसऱ्याच्या चुलीपुढं बसासाठी का?" सिंधूताई तिथंच भाकर थापत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. त्यानंतर मायानं पहिलं वर्ष नुसते कांदे चिरले, मग दोन वर्षं रस्से सांभाळले. फोटो आले की सिंधूताई दाखवायच्या. गुलाबराव "बरं हाये" म्हणून पेपरात डोकं घालायचे.

सिंधूताईंसाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी ठेवला. बुद्धविहारामागच्या आवारात चारशे माणसांसाठी कणकेचे रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. आचारी लावू म्हणून भाऊबंद म्हणाले. माया म्हणाली, "मायचं जेवण मी करतो." गुलाबरावांना पटेना. हॉटेलातली पोरगी, गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजणार, तेही आईच्या दिवशी. चुकलं तर गाव वर्षभर बोलेल, आणि बोलेल ते सिंधूच्या नावानं.

अकराला विहारात वंदना सुरू झाली. गुलाबराव उठून मागं आले. माया कढईपाशी उभी होती. तिनं चमच्यानं रस्सा घेतला, जिभेला लावला आणि चमचा हळूच बाजूला ठेवला.

"मीठ कोनं टाकलं?"

मनकर्णाबाई पुढं झाल्या. त्या सिंधूताईंच्या जोडीनं वीस वर्षं पंगतीला जायच्या. म्हणाल्या की सिंधू नाही, मोठी मीच, म्हणून म्या टाकलं. माया म्हणाली की तिनंही सकाळी काट्यावर मोजून टाकलं होतं. बायांनी एकमेकींकडं पाहिलं. दोघींच्या हातानं एवढं खारट होत नाही, हे सगळ्यांना कळत होतं. सकाळी कढईपाशी कोणी नसताना गुलाबरावांनीच दोन मुठी टाकल्या होत्या. एवढ्या वर्षांत सिंधूताईंचा मीठ टाकणारा हात त्यांनी इतक्या वेळा पाहिला होता की एकदा तरी आपल्या हातानं तिच्यासाठी टाकावं असं वाटलं होतं.

तासाभरानं पंगत बसायची होती.

माया ओरडली नाही. तिनं निम्मा रस्सा दुसऱ्या पातेल्यात काढायला लावला. उरलेली वांगी आणि बटाटे बिनमिठाचे शिजायला टाकले, शेंगदाण्याचं कूट जाड वाटून कढईत सोडलं. काढलेला रस्सा फेकू नका म्हणाली, वरण अळणीच शिजवा, त्यात तो घालू. मग कणीक मळणाऱ्या चांगुणाकडं वळून म्हणाली, "रोडग्यात मीठ नको टाकू, वहिनी. चिमूटभरही नको. लोक भाजीत चुरून खातात नं."

चांगुणा थबकली. बिनमिठाचा रोडगा तिनं जन्मात केला नव्हता. पण तिनं मिठाची वाटी दूर सारली.

गुलाबराव बघत राहिले. फाटकावर गाडीचा टाइम झाला की घाई करणाऱ्याचाच हात चुकतो, हे त्यांना ठाऊक होतं. ही पोरगी घाई करत नव्हती. बारा जणी तिच्या हळू आवाजावर हलत होत्या. तिनं बाही वर सारली तेव्हा मनगटाच्या वर भाजल्याच्या खुणा दिसल्या. सिंधूलाही तिथंच होत्या. आठ वर्षांत ही काय शिकली, ते त्यांना पहिल्यांदा दिसत होतं. त्यांनी गोवऱ्यांच्या ढिगाला हात टेकला.

पंगत वेळेवर बसली. मनकर्णाबाईंनी रोडगा चुरला, तूप घातलं, वर भाजी ओतली आणि दोन घास खाऊन मान वर केली.

"तुह्या मायचा असा नव्हता वो."

माया वाढायची थांबली.

"निराळाच हाये. वाढ अजून एक."

लोकांनी पुन्हा पुन्हा मागून घेतलं. पातेली खरवडून रिकामी झाली.

बुधवारी नांदुऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट बघताना गुलाबराव म्हणाले, "दोन मुठी म्या टाकल्या होत्या."

"मले माहीत होतं, बाबा. तुमच्या सदऱ्याच्या बाहीले मीठ लागलेलं होतं."

गाडी आली, माया गेली. पुण्याला जाऊन तिच्या हॉटेलात जेवायचं सिंधूताईंनी दोनदा ठरवलं होतं, दोन्ही वेळा गुलाबरावांनीच टाळलं. तिथं ते अजून गेलेले नाहीत. चुलीपुढं बसण्याबद्दल जे बोलले होते, त्याविषयीही मायाला अजून काही म्हणालेले नाहीत. आणि त्याच बोलण्याबद्दल त्यांना सिंधूताईंपाशी जे म्हणायचं होतं, ते राहूनच गेलं.