ओठ दिसतील असा टीव्ही

ऐकू मागबाईंना येत नव्हतं आणि दोष लागला टीव्हीला.

झालं असं की एका रविवारी मुलगा न कळवता आला. आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडून बघतो तर आई पलंगावर बसून मालिका बघतेय, खुदुखुदु हसतेय, आणि टीव्हीतून चकार शब्द बाहेर येत नाहीये. त्याने टीव्हीकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. काय विचारलं असेल हे ओळखायला मागबाईंना कानाची गरज नव्हती.

"आवाज ना? गेला," त्या म्हणाल्या. "महिना झाला. बटणं दाबून बोटं दुखली. म्हातारा झालाय तो."

बटण त्यांनीच शून्यावर नेऊन ठेवलं होतं. भिंतीपलीकडच्यांना उगाच त्रास कशाला? पण मुलाने रिमोटला हातही लावला नाही. आईवर विश्वास ठेवायची काही मुलांना जन्मखोड असते. "नवा घेऊ," तो म्हणाला, आणि मागबाईंच्या एका थापेपायी धडधाकट टीव्ही निवृत्त झाला.

थाप का मारली, तर त्यालाही कारण होतं. मागबाईंची उमेदीची सगळी वर्षं कापडाच्या गिरणीत गेली, विणकामखात्यात. तिथे यंत्रमागांचा खडखडाट असा, की कान हा अवयव दागिने घालण्यापुरता. बायका एकमेकींशी ओठांनी बोलत. चार मागांपलीकडून कुणाच्या सासूने काय म्हटलं ते न चुकता कळे. कानांनी कधी राजीनामा दिला हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. निवृत्तीनंतर मागबाई घरी बसल्या, तेव्हा त्यांना वाटलं, बाहेरचं जग फारच शांत आहे बुवा.

मुलाने मात्र पूर्वीच बजावून ठेवलं होतं, "आई, ज्या दिवशी तुला ऐकू येईनासं होईल, त्या दिवशी सामान बांधायचं. दारात कोण आलं, पातेलं उतू गेलं, कोण बघणार?" मुलाचं घर चांगलं होतं. सून शब्दाला गोड. पण मुलाच्या मिश्या अशा झुपकेदार, की वरचा ओठ वर्षानुवर्षं कुणी पाहिलेला नाही. सून बोलणार ती हातातल्या फोनकडे मान घालून. तिथे राहायचं म्हणजे काचेच्या पेटीतल्या माशासारखं. इथे समोरच्या खिडकीत शेजारच्या मागावरची त्यांची जोडीदारीण राहायची. मधे अख्खी गल्ली, खाली गाड्यांची वर्दळ, आणि ह्या दोघी आपापल्या खिडकीतून ओठ हलवत तासन्‌तास चहाड्या करायच्या. जगातल्या कुठल्याही घरी ती सोय नव्हती.

म्हणून मागबाई मुलाबरोबर दुकानात गेल्या त्या दुहेरी मोहिमेवर. टीव्ही घ्यायचा होता आणि कान तल्लख आहेत असंही दाखवायचं होतं.

दुकानात भिंतभर टीव्ही. सगळ्यांवर एकच पोपट, एकाच वेळी पंख पसरतोय. गळ्यात टाय बांधलेला विक्रेता पुढे आला. तो गुळगुळीत दाढी केलेला आणि तोंड भरून बोलणारा होता. मागबाईंना तो पाहताक्षणीच आवडला.

"मावशी, हा फोर के. साध्या एचडीच्या चौपट ठिपके. पोपटाचं पीस न्‌ पीस मोजून घ्या."

"पोपट मला पाळायचा नाही," मागबाई म्हणाल्या. "माणसं दाखवा. बोलणारी. बातम्या लावा."

बातम्या लागल्या. मग मागबाईंनी पलंग ते भिंत एवढं अंतर पावलांनी मोजलं आणि तिथे उभ्या राहिल्या. निवेदिकेचे ओठ फोर केवर वाचले, मग शेजारच्या साध्या एचडीवर.

"इथून दोन्ही सारखेच. जवळ गेलं तर फरक."

"बरोबर आहे," टायवाला जरा पडेल आवाजात म्हणाला असावा, कारण त्याचा चेहराही पडला. "ह्या मापाच्या पडद्याला एवढ्या लांबून डोळ्याला फरक कळत नाही."

"आई, फोर केच घेऊ," मुलगा मिशीतल्या मिशीत म्हणाला. मागबाईंनी अंदाजाने मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्यांनी मुद्दाम संदिग्ध ठेवलं.

पुढे आला रिफ्रेश रेट. सेकंदात चित्र किती वेळा नवं होतं त्याचा हा आकडा, असं टायवाल्याने समजावलं. एकाचा साठ, दुसऱ्याचा एकशेवीस.

"म्हणजे मागावर सूत नेणाऱ्या धोट्याच्या फेऱ्या," मागबाई म्हणाल्या. "जास्त फेऱ्या तर वीण घट्ट."

"अगदी!" धोटा कशाशी खातात हे टायवाल्याला माहीत नव्हतं, पण विक्रीच्या धंद्यात 'अगदी' म्हणायला माहिती लागत नाही.

पण एकशेवीसवाल्यावर निवेदिका बोलायला लागली की ओठ लोण्यासारखे ओघळत. प, ब आणि म ही मुळातच एकसारख्या तोंडवळ्याची भावंडं, ओठांवर ओळखू येत नाहीत. ती आगेमागे काय आहे त्यावरून ओळखायची. त्यात ही लोण्याची भर. "हिचं तोंड का वितळतंय?" मागबाईंनी विचारलं. टायवाल्याने चमकून पाहिलं. टीव्ही दोन चित्रांच्या मधलं तिसरं चित्र पदरचं घालून हालचाल गुळगुळीत करतो, असं तो म्हणाला. ती सोय बंद केल्यावर ओठ ताळ्यावर आले.

कॉन्ट्रास्ट त्यांनी अंधारातल्या प्रसंगावर तपासला. खलनायक सावलीत उभा राहून कट रचतो, तेव्हा त्याचं तोंड दिसलं पाहिजे, नाहीतर कट काय कळणार? दोन टीव्ही तिथेच बाद झाले. मग त्या बाजूला, पार कडेला जाऊन उभ्या राहिल्या, कारण घरी ओट्याशी उभं राहिलं की टीव्ही तिरका दिसतो. तिथे आणखी एकाचे चेहरे राखाडी पडले. मुलगा थक्क होऊन बघत होता. लोक टीव्ही घेतात तो आकडे वाचून. आई घेत होती ती स्थळ बघायला आल्यासारखी, उजेडात, अंधारात, समोरून, बाजूने.

तेवढ्यात दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, गाणी आणि गलक्याच्या पलीकडे, टायवाला आपल्या मॅनेजरशी कुजबुजला. मागबाईंची नजर सवयीने तिकडे गेली. मॅनेजर म्हणत होता, "तो दर्शनी काचेतला, वर्षभर चालू असलेला, गळ्यात मार. म्हातारीला काय कळतंय?"

टायवाला हसत परत आला. "मावशी, तुमच्यासाठी खास एक—"

"काचेतला नको," मागबाई म्हणाल्या. "तो वर्षभर दिवसरात्र जळतोय. आणि म्हातारीला कळतंय म्हणावं."

टायवाल्याचा टाय त्याला एकदम घट्ट झाला. मुलाने आधी मॅनेजरकडे पाहिलं, मग आईकडे.

"तुला तिथलं ऐकू आलं?"

"कान आहेत मला," मागबाई म्हणाल्या. खोटं काहीच बोलल्या नाहीत.

मोहीम तिथेच फत्ते झाली होती. अंधारातही तोंड दाखवणारा, तिरक्यातून न विटणारा, साधा एचडी टीव्ही ठरला. पण जिंकलेल्या माणसाला थांबायचं कुठे ते कळत नाही, आणि हरलेल्या विक्रेत्याला काहीतरी विकायचंच असतं. "हे चपटे टीव्ही मागे तोंड करून बोलतात, दादा," टायवाला मुलाला म्हणाला. "खाली एक आवाजाची पेटी ठेवा. आवाज थेट समोर." आईची मूळ तक्रार आवाजाची. मुलाने पेटीही घेतली. मागबाई काय अडवणार? त्यांनी "वा!" म्हटलं.

दुपारी घरी सगळं जोडून झालं. सूनही आली होती. बातम्या लागल्या. निवेदिकेचा शब्द न्‌ शब्द मोत्यासारखा. मागबाई सुखावून पलंगावर टेकल्या.

सुनेने कपाळाला आठी घातली. मुलाने पेटीची वायर काढून परत खुपसली. पेटी आवाज सोडत होती, पण उशिरा. निवेदिका तोंड मिटून कागद उलटायची आणि मग तिचं वाक्य संपायचं. दोन मिनिटांत डोकं उठावं असा प्रकार.

"आई, तुम्हाला काही खटकतंय का हो?" सुनेने फोन खाली ठेवून, नीट तोंड वर करून विचारलं.

"छे गं! आवाज कसा, अगदी ओठांतून आल्यासारखा येतोय."

मागबाई पुन्हा बातम्यांत शिरल्या. थोड्या वेळाने त्यांना जाणवलं की सून टीव्हीकडे बघतच नाहीये, त्यांच्या खांद्यावरून मागे बघतेय. त्या वळल्या. मागे मुलगा उभा होता आणि त्याचं तोंड 'आई' म्हणून मिटत होतं. हे कितव्यांदा, ते त्यांना कळायला मार्ग नव्हता.

सून पाणी आणायला उठली आणि बराच वेळ आलीच नाही.

मुलगा पलंगावर, त्यांच्यासमोर बसला. मिशी दोन बोटांनी वर सारून बोलायला लागला. हसू यावं असं दृश्य होतं, पण दोघांनाही आलं नाही.

"मी फोनवर बोलायचो ते?"

"काही नाही कळायचं," मागबाई म्हणाल्या. "मी आपली बरी आहे, जेवले, छान छान, जप स्वतःला, एवढं म्हणून ठेवायची."

"मी तुला सांगितलं होतं, माझी नोकरी गेली. तू म्हणालीस छान छान. चार महिने घरी बसलो. मग नवी लागली तेही सांगितलं. तेव्हाही छान छान. मला वाटलं, आईला आता कशाचं काही वाटत नाही."

मागबाईंच्या हिशेबात ह्या लपवाछपवीचा खर्च फक्त त्यांच्याच खात्यावर पडत होता.

"मला कळलं असतं तर मी आले असते रे," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच तर सांगत होतो."

मग मागबाईंनीच विषय काढला, कारण वाटाघाटीत पहिला आकडा आपण सांगावा हे त्यांना गिरणीत युनियनने शिकवलं होतं.

"कानात यंत्र बसवते. उद्याच ने. नखरे करणार नाही. पण सामान बांधणार नाही."

"आणि दार वाजलं तर?"

"दुकानात दिव्याची बेल होती. बाहेरून दाबली की आत दिवा लखलखतो. मी बघून ठेवलीय. तुझ्यासमोर विचारणार कशी?"

मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला. रागावायचं की हसायचं हे त्याचं ठरत नव्हतं. शेवटी त्याने पेटीची वायर उपटली आणि पेटी काखेत मारली. "ही परत देतो आणि दिवा आणतो," तो म्हणाला. "तीन महिने बघू. मग पुन्हा बोलू."

"बघू," मागबाई म्हणाल्या.

तो दाराकडे निघाला. जिन्याकडे तोंड करून काहीतरी बोलला, दोन पायऱ्या उतरला आणि थबकला. मग परत वर आला, पेटी खाली ठेवली, आईच्या समोर उभा राहिला आणि तेच पुन्हा, सावकाश म्हणाला.

"येतो."