वस्तुचित्र, इयत्ता तिसरी

मिनिट नऊ.

तिने किटली स्टुलावर ठेवली, दांडा उजवीकडे वळवला आणि हात चौकटीबाहेर घेतला.

"आता समोर जे दिसतंय ते काढायचं. मनातलं काही नाही."

"बाई, तुमच्या मागचं पण दिसतंय," 'दुकान' म्हणाला.

मुलं घरातल्या ज्याच्या फोनवरून वर्गात येत, त्याचंच नाव त्यांना चिकटलं होतं. 'दुकान', 'आईचा नवीन', 'मामा इन्शुरन्स'. एकवीस चौकटींत मुलं. बाविसावी चौकट काळी. तिच्यात निरीक्षक मॅडम बसल्या होत्या, परीक्षेचा पाठ तपासायला.

"दिसतंय ना? मग काढ."

पाठाच्या टाचणातलं वाक्य: छात्राध्यापिका विद्यार्थ्यांना निरीक्षणास प्रवृत्त करेल.

मागचं म्हणजे बाबा. त्यांची खुर्ची तिने मुद्दाम आपल्या खांद्यामागे लावली होती. पडद्याच्या कोपऱ्यातल्या तिच्या स्वतःच्या इवल्याशा चौकटीत ते दिसत राहावेत म्हणून. त्यांच्या मागे दार. दाराची कडी काढलेली, शेजारच्या काकूंसाठी, कारण मध्येच बेल नको.

"तू निर्धास्त राहा गं," काकू काल म्हणाल्या होत्या. "साडेदहाच्या ठोक्याला मी हजर."

साडेदहा होऊन गेले होते.

मागच्या महिन्यात बाबा असेच निघाले ते तीन तासांनी पेट्रोल पंपावर सापडले. हातात दुसऱ्याच कुणाची तरी छत्री. घर कुठे म्हणून विचारलं की छत्री दाखवायचे.

मिनिट चौदा.

"चित्रं मोठी करून बघा," काळ्या चौकटीतून आवाज आला. "एवढ्याशा खिडकीत काय कळणार तुम्हाला?"

"हो मॅडम."

तिने 'आईचा नवीन'च्या चौकटीवर बोट टेकवलं. चित्र पडदाभर झालं. कोपऱ्यातली तिची चौकट गेली, तिच्याबरोबर बाबाही गेले.

चित्रात किटलीपेक्षा बाबा मोठे होते.

"आजोबांना सहा बटणं आहेत," ती मुलगी म्हणाली. "एक लावलंच नाहीये."

"छान बघितलंस."

मिनिट एकोणीस.

'मामा इन्शुरन्स'ने वही कॅमेऱ्याला जवळजवळ चिकटवली. किटली, स्टूल, बाईंचा अर्धा खांदा. मागे खुर्ची, आणि खुर्चीपुढे उभा माणूस.

"उभे का काढलेस?"

"उभे राहिले म्हणून."

मिनिट तेवीस.

'दुकान'च्या चित्रात खुर्ची होती. खुर्चीत कुणी नव्हतं. दार सताड उघडं, पलीकडे जिन्याच्या पायऱ्या, पट्टी लावून काढलेल्या.

तिने चित्र पाहिलं. पाहत राहिली. कानांत इअरफोन गच्च बसवलेले, दार उघडल्याचं तिला कळलंच नव्हतं. मान अर्धी वळली आणि थांबली. वळलं की बघावं लागेल. बघितलं की उठावं लागेल.

तिचा पहिला पाठ नेट गेल्यामुळे रद्द झाला होता. दुसऱ्या पाठाला ती बाबांसाठी दोनदा उठली होती. शेरा होता, छात्राध्यापिका वर्ग सोडून जाते. हा तिसरा. चौथा मिळत नाही. जूनपासून नोकरीवर घ्यायला तयार असलेली शाळा याच एका सहीसाठी थांबली होती.

काकू आल्या असतील. बाबांना आपल्याकडे चहाला घेऊन गेल्या असतील. नक्कीच.

"खुर्चीचे मागचे पाय तू आखूड काढलेस," ती म्हणाली. "लांबच्या वस्तू लहान दिसतात. बरोबर आहे तुझं."

मिनिट चोवीस ते एकोणचाळीस.

पेन्सिल आडवी धरा. सावली खिडकीच्या उलट बाजूला पडते.

रस्ता ओलांडताना बाबा एकाच बाजूला बघतात.

किटलीच्या तळाची रेघ जाड करा, नाहीतर किटली हवेत तरंगेल.

पायात चपला घातल्या असतील का?

दांड्याच्या आतली मोकळी जागा आहे ना, तिलाही आकार असतो. तीही नीट बघा.

"बाई, तुम्हाला घाम आलाय," कुणीतरी म्हणालं.

"उकडतंय," ती म्हणाली. पंखा तिच्या डोक्यावरच फिरत होता.

मिनिट चाळीस.

टाचण संपलं. काळी चौकट उजळली. मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला होता, हातात पेन होतं.

"पाठ चांगला झाला. या वेळी जागच्या हललाही नाहीत. तसं लिहिलंय मी."

"थँक्यू मॅडम."

"ते वडील का तुमचे? मध्येच उठून गेले." पेन कागदावर टेकलेलं राहिलं. "मी बोलणारच होते, पण म्हटलं, मध्ये बोललं की तुमचा पाठ मोडेल. घरात कुणी आहे ना सोबत?"

तिने किटलीचा दांडा पकडला. पकडूनच ठेवला.

"हो. काकू आहेत."

"मग ठीक. मला उगाच धाकधूक लागून राहिली होती." त्यांनी सही केली. सहीखाली दोन रेघा ओढल्या.

मुलं एकेक करून वर्गातून जाऊ लागली. 'आईचा नवीन' गेली नाही. ती खोडरबर हातात घेऊन चित्राकडे बघत होती.

"बाई, काकू मला दिसल्याच नाहीत," ती म्हणाली. "त्यांना कुठे काढू?"

मॅडमचा चष्मा हळूच कपाळावरून डोळ्यांवर आला.

ती उठली. उरलेल्या मुलांना बाई आज पहिल्यांदाच पूर्ण दिसल्या. वर इस्त्रीचा कुर्ता, खाली गुडघ्यावर विटलेला पायजमा, पायात काहीच नाही. उठताना इअरफोन निसटले, किटली कलंडली. बाई रिकाम्या खुर्चीला धडकून दारातून गेल्या आणि भराभरा पायऱ्या उतरू लागल्या.

टेबलावर पडलेल्या इअरफोनमधून बारीक आवाज येत राहिला.

"बाई, तिकडे नाही," 'दुकान' सांगत होता. "आजोबा वर गेले. गच्चीकडे."