डुलणारं घर

ती नाटकांचे पडदे रंगवायची. एका सकाळी शिडी सरकली, ती पडली आणि डोक्याला मार बसला. ऑपरेशन झालं, केस गेले, जीव वाचला. पण घरी आली तेव्हा घरच जागेवर नव्हतं. उशीवर मान वळवली की छत हळूच सरकायचं, खिडकी त्याच्या मागोमाग निघायची आणि पलंग पाण्यात सोडल्यासारखा डुलत राहायचा. कधीकधी ते वाईटही वाटायचं नाही. उन्हं आत आली की भिंती श्वास घेताहेत असं वाटे आणि ती तळ्याच्या तळाशी पडल्यासारखी गुपचूप बघत राही. उभं राहायला गेलं की मात्र फरशी तिरकी व्हायची आणि ती पलंगाची कड घट्ट धरून परत बसायची.

नवरा कामावर जायचा, म्हणून नणंद राहायला आली. ती पोहायला शिकवायची. खणखणीत आवाज, दाणदाण चालणं. दोघींचं आजवर जेवढ्यास तेवढं होतं.

"वहिनी, ऊठ. नजर एका जागी ठेवून मान हलवायची, असं सांगितलंय ना डॉक्टरांनी?"

"एका जागी आहे काय या घरात, ताई? दरवाजासुद्धा फिरायला निघालाय."

नणंद समोर फरशीवर फतकल मारून बसली. "मग माझ्याकडे बघ. मी कुठे जात नाही."

तिनं नणंदेच्या नाकावर नजर रोवली आणि मान डावीकडे, मग उजवीकडे वळवली. एका नणंदेच्या दोन झाल्या, विरघळल्या, पुन्हा एक झाली. मग ती शेजारच्या बादलीत ओकली. नणंदेनं तोंड वाकडं न करता बादली धुऊन आणली. "थोडी चक्कर येणारच. मेंदू नव्यानं शिकतोय. फार झालं की सांग, थांबू."

रोज थोडं थोडं करत दोघी रस्त्यापर्यंत पोचल्या. तिथे एक बस वळली आणि तिच्याबरोबर अख्खा रस्ता वळला. ती मटकन फूटपाथवर बसली. नणंदही शेजारी टेकली.

"मला वाटायचं, मी तुम्हाला आवडत नाही," ती डोळे मिटून म्हणाली.

"आणि मला वाटायचं, तुला माझा आवाज सहन होत नाही."

"ते खरंच आहे."

दोघी इतक्या हसल्या की जाणारे-येणारे वळून बघू लागले.

पुढे डॉक्टरांना विचारून नणंदेनं तिला आपल्या पोहण्याच्या तलावावर नेलं. त्या वेळी तिथे दुसरं कुणी नव्हतं. छातीभर पाण्यात ती कठडा धरून उभी राहिली. इथे खरोखरच सगळं हलत होतं: उजेड, तळाच्या फरश्या, तिचे स्वतःचे हात. कितीतरी दिवसांनी तिचं आणि जगाचं एकमत झालं. नणंदेनं पाठीखाली हात धरला आणि ती अलगद आडवी झाली. कानात पाणी शिरलं तसा तो खणखणीत आवाजही दूरचा, मऊ झाला.

चक्कर पुरती गेली नाही, पण तिच्या येण्याची चाहूल लागू लागली. तेवढ्यावर ती पडद्यांच्या कारखान्यात परतली. शिडी वर्ज्य होती, म्हणून अर्धवट रंगवलेला आभाळाचा पडदा जमिनीवर अंथरला.

"चक्कर आहे का अजून?" तिथल्या सुतारानं विचारलं.

"आहे की. आली तर बसेन."

तिनं चपला काढल्या, लांब दांड्याचा कुंचला निळ्या रंगात बुडवला आणि वाळलेल्या कडेवरून सावकाश आभाळात चालत गेली.