आत उतरणारं छप्पर

छपराकडून माणसाच्या फार अपेक्षा नसतात. त्याने पाऊस बाहेर ठेवावा, ऊन अडवावं आणि वाऱ्याने उडून जाऊ नये. त्यासाठी सपाट स्लॅब आहे, एकीकडे उतरणारं एकपाखी आहे, दोन्हीकडे उतरणारं दुपाखी आहे, चारही बाजूंनी उतरणारं चौपाखी आहे. यातलं कुठलंही चाललं असतं. पण मी पडलो आर्किटेक्ट, आणि त्यातही छाप पाडायला निघालेला.

दाताच्या डॉक्टरीणबाई नवा दवाखाना बांधायचा म्हणून माझ्याकडे आल्या. बाई बोलायच्या कमी आणि हसायच्या त्याहून कमी, पण हसल्या की माझी रेघ वाकडी जायची. चाळिशी उलटलेल्या, टाळू दिसू लागलेल्या माणसाने अशा वेळी सरळ बोलून मोकळं व्हावं. मी त्यांना उलटं छप्पर दिलं. लोकांची छपरं मध्ये उंच आणि कडेला उतरती असतात. हे कडेला उंच आणि मध्ये खाली, पंख उचललेल्या पाखरासारखं. सगळं पाणी मधल्या पन्हळीत यायचं आणि मागच्या पाइपाने निघून जायचं. कागदावर ते फारच छान निघून जायचं.

प्रत्यक्षात शेजारी झाड होतं आणि झाडाला पानं होती. एवढी गोष्ट माझ्या नकाशात नव्हती.

जोराची सर आली, पन्हळ तुंबली आणि पाणी छतातून वाट काढत थेट खुर्चीत आ वासून बसलेल्या गृहस्थांच्या तोंडात पडलं. त्यांना वाटलं, चूळ भरायला दिलंय. त्यांनी भरली.

"तुमचं पाखरू गळतंय," बाईंचा फोन आला.

मी धावलो, शिडी लावली, हातांनी पानं उपसली आणि चिंब होऊन खाली आलो. बाईंनी टॉवेल दिला, चहा दिला. मी चहा पिता पिता पानांवर बोललो. त्यांनी ऐकून घेतलं.

मग मी पन्हळीवर जाळी बसवली, तर पानं जाळीवर साचली. पाइप मोठा केला, तर त्यात कबुतराने घरटं केलं. दर वेळी फोन यायचा, दर वेळी मी जायचो. खरं सांगायचं तर आभाळ भरून आलं की मी दाढी करायला बसायचो.

"गळती काढायला निघालायस की फोटो काढायला?" आई विचारायची.

असे दोन पावसाळे गेले. मग एक दिवस बाई माझ्या ऑफिसात आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "छप्पर बदलायचंय. साधं करा. असं करा, की परत मला त्याची आठवणच येणार नाही."

चांगलं छप्पर असंच असतं. त्याची कुणाला आठवण येत नाही, आणि करणाऱ्याची तर नाहीच नाही. आणखी एखादी जाळी सुचवून वेळ मारून नेता आली असती. तेवढा निर्लज्जपणा माझ्यात होताही. पण पावसात तिथे पेशंट यायला बिचकू लागले होते, आणि ती सगळी माझी करणी होती. मी मुकाट्याने दुपाखी काढलं. भरपूर उतार, पत्र्याखाली ऊन अडवणारा जाड थर, भिंती कोरड्या ठेवणारी रुंद वळचण, वाऱ्याने उचलू नये म्हणून जागोजागी पक्के बोल्ट. मिरवावी अशी एकही रेघ त्यात नव्हती. माझ्या हातून आजवर झालेलं ते सगळ्यात चांगलं काम, आणि त्याने माझाच रस्ता बंद केला.

पुन्हा पाऊस आला. मी दाढी करून बसलो. फोन काही वाजला नाही.

"बिघडलाय का रे फोन?" आईने विचारलं.

"नाही. छप्पर नीट झालंय."

"मग तोंड का एवढंसं करून बसलायस? अरे, कुणाकडे जायचं तर छपराला विचारून जायचं असतं का? ऊठ!"

मी गेलो. शेवटचा पेशंट छत्री उघडून बाहेर पडत होता. बाईंनी मान वर करून आधी माझ्याकडे आणि मग छताकडे पाहिलं.

"कुठे गळतंय का?"

"नाही."

"मग? काही तपासायचं राहिलंय?"

बोल्ट तपासायचे राहिलेत, हे वाक्य अगदी ओठांवर होतं. वाटेत दोनतीनदा घोकलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "छपराचं काही काम नाही. मी तुम्हाला भेटायला आलोय. पाऊस पडतो आणि तुम्ही बोलावत नाही, ते मला सहन होत नाही."

बाईंनी हातमोजे काढून टाकले.

"दुसरी कुणी असती तर पहिल्याच गळतीला तुम्हाला कोर्टात खेचलं असतं. मी बादल्या का लावत बसले, असं वाटतं तुम्हाला?"

"तुमचा स्वभाव शांत आहे म्हणून."

"शांत?" बाईंचा आवाज चढला. "खुर्चीवरचा दिवा दोनदा जळला माझा! मी चहा करून समोर बसायचे आणि तुम्ही पानांवर बोलायचात. शेवटी वैतागून ठरवलं, छप्पर नीट करून घ्यायचं आणि हा माणूस डोक्यातून काढून टाकायचा."

"मग?" मी कसंबसं विचारलं.

"छप्पर नीट झालं," बाई म्हणाल्या.