डांगरचं प्लास्टर

कोरपन्याजवळच्या एका गावातला लहानू गवंडी एरवी चार माणसांची अक्कल एकटा वाहायचा. पण त्याच्या डांगर नावाच्या कुत्र्याच्या पाठीवर पांढरे, टणक फोड उठले आणि ती सगळी अक्कल सिमेंटकडे धावली. फोडावर टिचकी मारली की टक्क आवाज!

"सिमेंट कारखान्याची धूळ खाऊन प्लास्टर होऊन राह्यलं याचं," तो बायकोला, मीराबाईला म्हणाला. "आता याले पाण्याचा थेंब दाखवायचा नाई. पाणी मिळालं का सिमेंट पक्कं होते. उद्या अंगणात कुत्र्याचा पुतळा उभा दिसला तर?"

आणि डांगरला तहान तरी केवढी! लहानूने रांजणावर पाटा ठेवला. गल्लीत कोणी पाय धुवायला बसलं तरी कुत्र्याला उचलून पळायचा. दोन दिवसांत डांगरची जीभ गुडघ्याला लागली. ते पाहून लहानूला रडू फुटायचं. पण अंगावर थेंब नको, म्हणून तो लांब जाऊन रडायचा.

तिसऱ्या दिवशी मीराबाईने दोघांनाही जनावरांच्या दवाखान्यात हाकललं. मदीहा डॉक्टरने एक फोड दाबला. खडूसारखा भुगा निघाला.

"पाहा बाई, सिमेंट!"

"कॅल्शियम आहे, लहानूभाऊ. याले कोणती गोळी देता का?"

"छे!"

"छे काऊन?" मीराबाई सरसावली. "यायच्या हाताले सिमेंटची खाज सुटते, त्याची गोळी खातेत. कुत्रं खाजवते म्हून अर्धी त्याले, रोज, भाकरीत घालून! वर्ष झालं. मले कधी अर्धं बिस्कूट नाई देल्लं!"

डॉक्टरने कपाळाला हात लावला. "त्या गोळीत स्टेरॉइड असते, भाऊ. लय दिवस दिलं का असा चुना कातडीत साचते. तहानही त्याच्यानंच. एकदम बंद नका करू, मी सांगते तशी कमी करत आणा. आन् आधी त्याले पाणी द्या!"

लहानूने बादली ठेवली आणि चार पावलं मागे सरकला. डांगरने ती संपवली, दुसरी संपवली, तिसरीत असा घुसला की नुसती शेपटी बाहेर. मग झोकांड्या खात डॉक्टरच्या स्कूटीपाशी गेला, मागचा पाय वर उचलला आणि तसाच थिजला.

लहानू टिचकी मारून पाहायला धावला. झाला पुतळा!

तेवढ्यात धार सुटली. चाक भिजलं, स्टँड भिजला, ओघळ फाटकापर्यंत गेला तरी थांबेना.

"दगड असा मुतते का, बाई?" लहानू नाचत ओरडला. "धू रे डांगर, पुरी गाडी धू!"