मंगळवारची खोली

धाकटीच्या हिशेबात त्या मंगळवारी तीन गोष्टी जमेला पडायच्या होत्या: डिपॉझिटचे अठरा हजार, नव्या खोलीची किल्ली आणि सलग सात तास झोप. खर्चाला एवढंच, की एका अनोळखी मुलीशी अर्धा तास गोड बोलायचं. विद्यापीठाच्या त्या गावात इतका स्वस्त सौदा दुसरा नव्हता.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी. थोरल्या दोघींना मार्गी लावता लावता घरचा खिसा फाटला आणि हिच्या वाट्याला शिष्यवृत्ती आली. शिष्यवृत्तीची अट एकच, विषय बुडता कामा नये. पहिल्या सत्रात एक बुडाला. एकदा माफ होतं. दुसऱ्यांदा बुडाला की शिष्यवृत्ती बंद आणि बाडबिस्तरा घरी. परीक्षेला पाच आठवडे उरले होते आणि धाकटी वर्षभर नीट झोपली नव्हती.

कारण पलंगाखाली होतं. पलंगाखाली फरशी, फरशीखाली लॉन्ड्री. कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे, दोन हॉस्पिटलं आणि चार हॉटेलं यांच्या चादरी धुणारी. पहाटे साडेचारला बॉयलर पेटे, पाचला ड्रम फिरू लागत आणि धाकटीचा पलंग चालू लागे. आठवड्याला वीतभर, दाराच्या दिशेने. इथून निघावं हे पलंगालासुद्धा कळत होतं. फक्त त्याचं डिपॉझिट अडकलेलं नव्हतं. बॉयलरचं धुराडं तिच्या भिंतीतून वर जाई. त्या भिंतीला टेकवलेल्या पुस्तकांचा डिंक सुटून पानं हातात येत.

लॉन्ड्री मंगळवारी बंद. पाटी पुढच्या रस्त्याला, खोलीचा जिना मागच्या बोळात. गेल्या वर्षी आधीच्या ताईने धाकटीला खोली दाखवली ती मंगळवारीच. काय ती शांतता! ताईने चहा पाजला, जाताना एक कुंडी भेट दिली. बुधवारी पहाटे धाकटी अंथरुणात ताडकन उठून बसली आणि तिने ताईला मेसेज केला. उत्तर आलं, "होते गं सवय." त्यानंतर ताईचा नंबर कधी लागला नाही.

घरमालकीण काकूंचा नियम मोठा सुटसुटीत होता. जाणाऱ्याने येणारा आणायचा आणि आपलं डिपॉझिट त्याच्याकडून घ्यायचं.

"माझ्याकडे कशाला मागतेस?" काकू विचारत. "मी तुझ्याकडून घेतलं होतं का?"

आणि ते खरंच होतं. कधीकाळी कुठल्याशा पहिल्या भाडेकरूने काकूंच्या हातावर डिपॉझिट ठेवलं असणार. त्याचं काय झालं हे काकूंच्या बसवलेल्या दातांना ठाऊक. तेव्हापासून भाडेकरूच भाडेकरूला देत आला होता.

धाकटीने एका एजंटाकडून रेल्वे फाटकापलीकडे खोली पाहून ठेवली होती. बुधवारी दुपारी बारापर्यंत अठरा हजार आणले तर तुझी, नाहीतर रांग लागलीय, असं तो म्हणाला होता. आधीचे दोन मंगळवार फुकट गेले होते. एकाला खोली लहान वाटली, एकीला भाडं मोठं. हा तिसरा आणि शेवटचा.

सकाळीच तिने कपाट ओढून धुराड्याची भिंत झाकली. पलंगाने फरशीवर काढलेले ओरखडे चटईखाली घातले. कुंडीला पाणी घातलं. कुंडी तीच होती.

मुलगी आली ती आईला घेऊन. मुलगी सडपातळ, अबोल, पाठीवर तिच्याएवढीच बॅग. आई ठेंगणी, तिच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत आडवे काळसर डाग. मुलगी जिन्यातच क्षणभर थबकली होती. धाकटीला वाटलं, धाप लागली.

"या मावशी, बसा. चहा टाकते."

"चहा नको. सकाळपासून पाच झाले. खोली कोणी देत नाही, चहा सगळे देतात."

धाकटी हसली. मावशी हसल्या नाहीत. त्या खोलीभर नजर फिरवत होत्या. बोलता बोलता त्यांनी खुर्चीवरची धुतलेली चादर उचलली, दोन झटके दिले, हनुवटीखाली धरली, आणि धाकटीची पापणी लवायच्या आत चादरीची पाटी होऊन पलंगावर पडली. चारही कोपरे असे जुळलेले, की पट्टी लावून घ्यावी.

धाकटीने ती घडी ओळखली. वर्षभर खिडकीतून ती खालच्या बायकांना असंच घड्या घालताना पाहत होती.

"बाळा," मावशी लेकीला म्हणाल्या, "गच्चीत जाऊन बघ गं, फोनला रेंज येते का. आणि दोरी आहे का वाळत घालायला."

मुलगी गेली. मावशींनी कपाटामागे हात घातला. तळवा भिंतीवर ठेवला. भिंत गार होती, पण रंगाला आलेले फोड काही मंगळवारची सुट्टी घेत नाहीत.

"बॉयलर किती वाजता पेटतो?"

खोटं बोलायला धाकटीला वेळ होता. नेमकं तेच ती विसरली.

"साडेचारला."

"आमच्याकडे चारला," मावशी म्हणाल्या. "वीस वर्षं झाली. ड्रम किती?"

"सहा असावेत. पलंग हलतो, मावशी. मी सांगणारच होते..."

"नव्हतीस सांगणार. मंगळवारीच या म्हणालीस तेव्हाच मला शंका आली. आमचीही सुट्टी मंगळवारी, म्हणून तर येता आलं."

धाकटीने मान खाली घातली. चटईची कडा दुमडली होती आणि एक ओरखडा बाहेर डोकावत होता.

"तिला सांगते मी," ती म्हणाली. "आत्ता सांगते."

"गप्प बस." मावशींचा आवाज चढला नाही, पण धाकटी जागीच राहिली. "अकरा खोल्या पाहिल्या दोन आठवड्यांत. एकीला खिडकी नव्हती. एकीत सहा पोरी आणि चार गाद्या. एकीला आतून कडी नव्हती; मालक म्हणे, कडीची काय गरज, मी असतोच की घरात. ही तरी दाराला कडी असलेली खोली आहे. तू सांगशील, ती म्हणेल, आई, चल परत. परत आली की महिन्याभरात माझ्या शेजारच्या टेबलावर इस्त्री धरून उभी राहील. तिला लॉन्ड्रीत घालायचं नाही म्हणून इथवर आणलंय."

त्यांनी फरशीकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हसल्या. ते हसू बघायला नको होतं.

पिशवीच्या तळातून त्यांनी पैसे काढले आणि दोनदा मोजले.

"हे सोळा."

"मावशी, अठरा ठरले होते. मला तिकडे अठराच भरायचेत."

"दोन तुझ्या मंगळवारचे कापले. कुंडी न्यायची असली तर ने."

धाकटीने सोळा घेतले. कुंडी घेतली नाही.

जाता जाता मावशी दारात थांबल्या. "तू कुठे चाललीस?"

"फाटकापलीकडे. छान आहे खोली. एकदम शांत."

"कधी पाहिलीस?"

"रविवारी दुपारी. एजंट म्हणाला, त्याला रविवारीच वेळ असतो."

"हं," मावशी म्हणाल्या, आणि लेकीला हाक मारायला वळल्या.

मुलगी गच्चीतून आली ती हसतमुख. "रेंज आहे आई. दोरीपण आहे. मला आवडली खोली."

बुधवारी धाकटीने खानावळीसाठी राखलेल्या पैशांतून दोन हजार घालून एजंटाचे अठरा पुरे केले. सोमवारी सकाळी सहाला नव्या खोलीखालचं शटर वर गेलं आणि अॅल्युमिनियमच्या खिडक्या कापायची करवत सुरू झाली. वर्कशॉपला सुट्टी फक्त रविवारी. आगीतून निघून फुफाट्यात, आणि तेही आगाऊ पैसे भरून. तिने एजंटाला फोन लावला. तो म्हणाला, "येणारा आणा ना तुम्ही. डिपॉझिट लगेच." थांबून त्याने सल्लाही दिला, "रविवारी दाखवा."

नंतर धाकटी झोपायला विद्यापीठाच्या वाचनालयात जाऊ लागली. शेवटच्या टेबलावर पंखा होता आणि ग्रंथपालांना चष्म्याशिवाय तिथवर दिसत नसे. एका दुपारी ती पोहोचली तर टेबलावर आधीच कुणीतरी पुस्तकावर गाल टेकून झोपलं होतं. नवी मुलगी. डोळ्यांखाली धाकटीचीच वर्तुळं, जणू खोलीबरोबर तीही चटईसारखी मागे राहिली होती.

खुर्ची सरकवल्याच्या आवाजाने मुलगी जागी झाली. धाकटीने वर्षभर मनात घोळवलेल्या शिव्या ऐकायची तयारी केली. त्या तिने आधीच्या ताईसाठी जपल्या होत्या. आता आपल्यालाच उपयोगी पडणार असं तिला वाटलं.

"ताई, एक सांगू?" मुलगी कुजबुजली. "आईचा फोन आला तुम्हाला, तर खाली लॉन्ड्री आहे ते सांगू नका हं. तिला फार वाईट वाटेल."

"तुला कधी कळलं?"

"जिन्यातच. आईच्या हातांना तोच वास येतो. ब्लीच आणि खळ." तिने डोळे चोळले. "पण अकरा खोल्या झाल्या होत्या. मंगळवार सोडून आलो की तिचा पगार कापत होते. म्हटलं, पुरे."

धाकटीच्या जिभेवर सगळं आलं होतं: बॉयलरची चौकशी, मावशींची चारची वेळ, मंगळवारचे कापलेले दोन हजार. तिने ते गिळलं. म्हणाली, "होते गं सवय."

मुलीने मान हलवली आणि पुन्हा पुस्तकावर डोकं टेकलं. धाकटी समोरच्या खुर्चीवर तशीच टेकली. परीक्षेला तीन आठवडे होते. पुस्तक उघडलं होतं, पान पहिलंच होतं.

आता कुणी किती भरलं ते पाहू. काकूंनी काही भरलं नाही. एजंटाने भरलं नाही, घेतलं. आधीच्या ताईचे अठरा धाकटीने दिले, धाकटीला सोळा मावशींनी दिले, वरचे दोन खानावळीतून गेले, आणि शिष्यवृत्ती तेवढी भरायची राहिली होती. उरला तो मायलेकींनी एकमेकींपासून लपवलेला आकडा. तो एकरकमी फिटणारा नव्हता. आई तो चारला एका गावात भरत होती, लेक साडेचारला दुसऱ्या गावात, मंगळवार सोडून रोज.