चार घरांचं पीठ

कॅमेरावाला आला तेव्हा शिवकांता बापाची, अप्पांची, खोली सारवत होती. दारात एक पाटलोण घातलेला माणूस उभा राहिला. त्याच्या खांद्याला कातडी पेटी होती आणि काखेत कॅमेऱ्याचं लाकडी तिकाटणं.

"मल्लाआई इथंच राहतात ना?" त्यानं विचारलं.

"राहत होते." शेणानं भरलेले हात अंगापासून लांब धरून ती उठली. "जाऊन पंधरा दिवस झाले."

तो मटकन उंबऱ्यावर बसला. त्याचं नाव महारुद्र, मूळचा इकडच्याच वाशीचा. दहा वर्षं पुण्याच्या फिल्म कंपनीत राबून आता तो स्वतःच्या हिमतीवर एक चित्र करत होता. त्यात नटनट्या नव्हत्या. चारचौघांची वाट सोडून जगणारी खरीखुरी माणसं त्याला टिपायची होती. स्मशानात राहणारा एक गोसावी झाला होता, केसांत जट आली म्हणून नवऱ्याचं घर सोडलेली एक जोगतीण झाली होती. अप्पा तिसरे. दिवाळीत येऊन तो बोलून गेला होता, आणि तेव्हापासून अप्पांनी हिरवं लुगडं धुऊन, घडी घालून ठेवलं होतं.

अप्पा म्हणजे मल्लिकार्जुन, येडशीच्या पेठेतले लिंगायत वाणी. पंचेचाळिसाव्या वर्षी, एका मंगळवारी, त्यांनी लुगडं नेसलं, गळ्यातल्या लिंगावर कवड्यांची माळ घातली, तुळजापूरच्या देवीची परडी हातात घेतली आणि ते जोगवा मागायला निघाले. त्याच दिवशी धाकट्या भावानं, बंडप्पानं, त्यांना घराबाहेर काढलं; बायको, पार्वतम्मा, आतच राहिली. पेठेमागच्या या खोलीत ते अकरा वर्षं राहिले. एरवी धोतर नेसून मोंढ्यात धान्य मापायचे. मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र लुगडं. पोरं मागून 'मल्लम्मा, मल्लम्मा' ओरडायची. बाया 'मल्लाआई' म्हणून पाया पडायच्या. अप्पा दोघांनाही सारखंच हसून बघायचे.

त्यांना माती बंडप्पानंच दिली. लिंगायताच्या रीतीनं बसवून, विभूती लावून, हातात लिंग देऊन. त्याआधी त्यानं कवड्यांची माळ काढून कोपऱ्यात भिरकावली. ती शिवकांतानं उचलली आणि जळकोटला सासरी परत जायचं सोडून ती या खोलीतच राहिली.

महारुद्रनं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "एक उपाय आहे, अक्का. बार्शीला तमाशाचा फड उतरलाय. त्यातला एक नाच्या माझ्या ओळखीचा आहे. हे लुगडं त्याला नेसवतो. पदर पुढं ओढला की कुणाला कळणार नाही."

"कुणाला?"

"बघणाऱ्यांना."

"आन् मला?"

तो खालच्या आवाजात म्हणाला, "लढाई संपून वर्ष होत आलं, तरी कच्ची फिल्म मिळत नाही. निजामाच्या तहसिलीतून चित्र घ्यायचा कागद काढलाय, तो खिशात आहे. दोन डबे आणलेत, डब्याला तीन मिनिटं. रिकामा परत गेलो तर पुन्हा येणं होणार नाही." मग त्यानं विचारलं, "त्यांनी हे का केलं? नवस होता? कुठं बाईचं काही? लोकांना कारण लागतं."

"मी बी विचारलं होतं. पहिल्या बाळंतपणाला आले होते तेव्हा."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, लुगडं नेसलं की मी माझ्यापाशी असतो."

महारुद्र पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला.

"एवढंच," शिवकांता म्हणाली. "ह्याच्यापुढं काही न्हाय. तुमी पदरचं जोडू नका."

तिनं हात धुतले. गेल्या पंधरा दिवसांत एकच गोष्ट तिच्या मनात घोळत होती. ती तिला तिसऱ्या दिवशी तुळजाबाईनं सांगितली होती. तुळजाबाई म्हणजे गावातली म्हातारी आराधीण. तिच्याच हातून अप्पांनी परडी घेतली होती. परडी घेताना जोगव्याची पाच घरं देवीपुढं बोलावी लागतात. बोललेली घरं बदलत नाहीत. पाची घरचं पीठ एकत्र झालं की त्या दिवशी त्याचीच भाकरी खायची. पाच झाली नाहीत तर चूल पेटवायची नाही. अप्पांनी चार घरं शेजारपाजारची बोलली आणि पाचवं स्वतःचं. ते दार कधी उघडलं नाही. अप्पा तिथं हातातली पेटती पोत विझेपर्यंत उभे राहायचे, मग चार घरांचं पीठ गाईला घालायचे आणि पाणी पिऊन झोपायचे.

घरातल्यांना वाटायचं, भरली परडी घेऊन हा मुद्दाम अब्रू काढायला येतो.

"चित्र मिळंल तुमाला," शिवकांता महारुद्रला म्हणाली. "आज मंगळवारच हाय. परडी मी घेते. पण पाची घरं घ्यायची. एक गाळायचं न्हाय."

"आणि पाचव्यानं दार लावून घेतलं तर?"

"मग लावलेलं दार घ्या."

तुळजाबाई आली तेव्हा शिवकांता निऱ्या घालत होती. म्हातारीनं कपाळावर हात मारला. "अगं पोरी, लिंगायताची लेक तू! सासरी कळलं म्हंजी?"

"कळंलच की. जळकोट काय समुद्रापल्याड हाय?"

"नवरा काय म्हनंल?"

"म्हनंल तवा ऐकीन. माळ घाला, मावशी."

उन्हं कलली तशी ती निघाली. हातात परडी, परडीत हळदीचा भंडारा, दुसऱ्या हातात तेलात भिजवलेली पोत. मागं तुळजाबाई, आणि बाजूनं कॅमेऱ्याला चावी देत कधी पुढं पळणारा, कधी गुडघ्यावर बसणारा महारुद्र. पोरांनी त्याच्याभोवती गलका केला. "आरं, मल्लम्माची लेक! मल्लम्माची लेक!" शिवकांतानं मान वळवली नाही. पहिल्या तिन्ही घरी बायकांनी पीठ घातलं, पायावर पाणी घातलं आणि कॅमेऱ्याकडं बघून पदर सावरला. चौथ्या घरच्या सारजाबाईला लुगडं ओळखू आलं. ती दारातच रडायला बसली.

"मल्लाआई ग माझी! माझ्या लेकीच्या बारशाला रात्रभर गायली व्हती." तिला उठवायला वेळ गेला, आणि तेवढा वेळ कॅमेरा घरघरत राहिला.

पाचव्या घराची कडी आतून होती.

"आई राजा उदो उदो," शिवकांता म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला. "अंबाबाईचा जोगवा वाढा."

माडीची खिडकी उघडली. बंडप्पानं डोकं बाहेर काढलं. "झालं का आता तुझं बी सुरू? गळ्यात लिंग हाय का काढून टाकलंस?"

"हाय, काका."

"मग वर ह्या कवड्या कशाला?"

"अप्पांच्या हायेत म्हणून."

"त्यो गेला! मातीला लावला म्या त्याला, नीट, चार लोकांत. अकरा वर्षांची शरम पुरली. तू पुन्हा उकरून दारात आणून ठेवतीस?" त्याची नजर महारुद्रवर पडली. "आन् हे यंतर कुणाचं? थांबा, ठाण्यातल्या अमीनसाहेबालाच बोलावतो. दोघं बी आत जाल."

शिवकांतानं पोत तुळजाबाईच्या हातात दिली, महारुद्रच्या खिशातून तो कागद घेतला आणि उर्दूत जसा होता तसा मोठ्यानं वाचला: तहसीलची इजाजत, तारीख, सही. त्या घरात उर्दू वाचता येणारी ती एकटीच होती. अप्पांनी हट्टानं तिला पाच इयत्ता शिकवलं होतं. कागद घडी घालून तिनं परत दिला.

"बोलवा अमीनसाहेबाला. तोवर मी हाय इथंच."

बंडप्पा खिडकीतून नाहीसा झाला. दार बंदच राहिलं. पोत जळत होती. अप्पा इथंच उभे राहायचे, याच फरशीवर. पुढं काय बोलावं हे त्यांना कधी सुचलं नसेल, किंवा सुचूनही त्यांनी गिळलं असेल. शिवकांताला गिळायचं नव्हतं.

"अव्वा," तिनं दाराकडं तोंड करून आईला हाक मारली. "आत तू ऐकतीस ते मला माहीत हाय. अप्पांच्या परडीचं पाचवं घर हे व्हतं. पाच झाल्याबिगर चूल पेटवायची न्हाय, अशी त्यांची परडी. अकरा वर्षं मंगळवारी आन् शुक्रवारी अप्पा उपाशी झोपलेत. खोटं वाटलं तर तुळजाबाईला विचार."

"व्हय ग, पार्वतम्मा," म्हातारी म्हणाली. "चार घरचं पीठ गाईला घालायचा बघ."

आत काहीतरी पडलं, भांडं असावं. मग बंडप्पाचा आवाज आला, "वहिनी, दाराला हात लावायचा न्हाय." पोतीचं तेल संपत आलं होतं, वात काजळू लागली होती. मग कडी निघाली.

पार्वतम्मा दारात आली. हातात सूप, सुपात ज्वारीचं पीठ. पंधरा दिवसांत ती निम्मी झाली होती. तिनं लेकीच्या चेहऱ्याकडं बघितलंच नाही. बघितलं ते हिरव्या लुगड्याकडं, काठाकडं, खांद्यावर तिनंच कधीकाळी घातलेल्या रफूकडं. कारण ते लुगडं तिचंच होतं.

"मला वाटायचं, पोटभर जेवून येतात," ती म्हणाली. "आन् मला दावायला उभे राहत्यात."

तिनं अख्खं सूप परडीत रिकामं केलं. हळदीवर पीठ सांडलं.

"अव्वा," महारुद्र पुढं आला. त्याचा चेहरा उतरला होता. "चावी संपली होती. मी बघतच राहिलो, द्यायची विसरलो. फिल्म थोडी शिल्लक आहे. तेवढं दार लावून परत एकदा..."

पार्वतम्मानं त्याच्याकडं नवल वाटल्यासारखं बघितलं. "जोगवा परत परत घालत असत्यात व्हय रे?"

"बंद दार घेतलंत न्हवं?" शिवकांतानं विचारलं.

"ते आलंय. खिडकीतले काकाही आले."

"मग शुक्रवारी या. मी याच दाराला हाय."

"फिल्म पुरणार नाही, अक्का."

"न्हाय पुरली तर नुसतं बघा. पण या."

बंडप्पा बैठकीत उभा होता. वहिनीनं उंबऱ्याबाहेर पाय ठेवला तेव्हा तो म्हणाला, "कुठं निघालात?" रिकामं सूप तिनं जोत्यावर ठेवलं आणि लेकीच्या हातातली परडी काढून घेतली. पाच घरचं पीठ जड झालं होतं.

"तुझ्या भाकऱ्या जाड व्हत्यात," ती म्हणाली. "त्यांना पातळ लागायच्या. चल, चूल कुठं हाय ते दाव."